पौषातला घाट

“रस्ता कोनताबी इचारा, सांगतो, पन जिथं बर्फ पडते तिथला मले इचारू नका.”

धाडच्या विहारात चाळीसेक माणसांसमोर कचरू ड्रायव्हर असं बोलला, तेव्हा माणसं हसली होती. धाडमध्ये बर्फ म्हणजे आठवडी बाजारात लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी. गोळेवाला ती रंध्यावर घासायचा, वर लाल रंग ओतायचा आणि पोरं ओठ रंगवत हिंडायची. त्या लादीला भ्यायचं कशाला?

भिमाबाई हसली नव्हती. कचरू तिचा नवरा. बाजारात तो गोळेवाल्याच्या रांगेतून कधी जात नसे. बैलबाजाराला वळसा घालून, शेणातून पाय उचलत पलीकडे निघायचा. भर वैशाखात, घरातली भांडीसुद्धा तापलेली असायची तेव्हा, हा माणूस पाय पोत्यात घालून झोपायचा. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. चीनच्या लढाईतून तो परत आला तेव्हा तिनं पहिल्यांदा तो पाय धुतला होता आणि बोटांच्या जागची गुळगुळीत कातडी हाताला लागताच तिच्या अंगावर काटा आला होता. कापलेल्या जागेला निदान वण असतो. इथं काहीच नव्हतं. कुणीतरी फळ्यावरून अक्षर पुसावं तशी बोटं पुसलेली होती.

त्यानं तिला ते एकदाच सांगितलं. फौजेच्या चौदा गाड्यांचा तांडा डोंगर चढत होता. रस्ता संध्याकाळपर्यंत खुला आहे असा खालून निरोप आला होता, त्या निरोपावर गाड्या सोडल्या. दुपारीच आभाळ खाली आलं आणि बर्फ पडू लागलं. पुढच्या गाडीवर लोणारकडचा कडूबा होता, कचरूच्याच बराकीतला. त्याची गाडी थांबली. तो पुढचा रस्ता बघायला उतरला आणि त्या पांढऱ्यात शिरला. कचरू हॉर्न वाजवत राहिला. सकाळी कडूबा सापडला तो गाडीपासून दहा-बारा हातांवर, गोठून गेलेला, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला, जणू कुणी बोलावण्याची वाट बघत होता. इतक्या जवळ होता, आणि कचरू रात्रभर त्याला हाका मारत होता. बोटं गेली ती त्या रात्री. पण कचरू बोटांबद्दल कधी बोलला नाही. तो एवढंच म्हणाला की पावसाला आवाज असतो, पुराला असतो, वाघालाही असतो. हे मात्र गुपचूप येतं.

त्यानंतर भिमाबाईलाही त्या न पाहिलेल्या गोष्टीचं भय बसलं. कापूस वेचताना वाऱ्यानं बोंडातला कापूस उडून तिच्या हातावर बसला की ती दचकून झटकायची.

दीक्षेला दहा वर्षं झाली त्या हिवाळ्यात विहारात ठरलं की सगळ्यांनी मिळून यात्रेला जायचं. नागपूर, सारनाथ, बुद्धगया, आणि तिथून थेट काठमांडू. येताना लुंबिनी आणि कुशीनगर. काठमांडूचा हट्ट भिमाबाईच्या आईचा, जनकाबाईचा होता. तिचा मालक नागपूरला दीक्षेला गेला होता. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूला गेल्याचं त्यानं ऐकलं आणि घरी सांगून टाकलं, एक दिवस मीही जाईन. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. तेव्हापासून जनकाबाई ते गाव तोंडात धरून बसली होती. नीट उच्चारता येत नसे, काटमुंड म्हणायची.

गाडी पंजाबरावांची. ते धाडचे मोठे शेतकरी. त्यांच्या ट्रकवर कचरू नोकरीला होता, कापूस खामगावला न्यायचा. जाण्यायेण्याचं डिझेल तुमचं, असं म्हणून त्यांनी महिनाभर ट्रक दिला. आधी निघणं शक्य नव्हतं. जाणाऱ्या बायका बहुतेक वेचणीला जाणाऱ्या, आणि शेवटची वेचणी संक्रांतीनंतर संपते. म्हणजे निघायचं ते पौषाच्या वद्य पक्षातच.

चालवायला सगळ्यांनी कचरूकडं पाहिलं. तो वरचं वाक्य बोलला ते तेव्हा. हसणं थांबल्यावर उत्तमरावांनी, विहाराच्या पंचांत जे वडील, त्यांनी शांतपणे विचारलं, मग कोण? भिमाबाईचा धाकटा भाऊ गुलाबराव उठून उभा राहिला. तो जालन्याच्या एका गाडीवर दोन वर्षं होता, हात सफाईचा होता, आणि डोंगर म्हणून त्यानं फक्त राजूरचा घाट पाहिला होता. कचरू म्हणाला, गाडी गुलाब नेईल. मी चालवत नाही. पण रस्ता मी लिहून देतो, एक एक मुक्काम. त्या रस्त्यावर बर्फ नसंल.

भिमाबाईला सुटल्यासारखं झालं. नवरा त्या पांढऱ्यात जाणार नव्हता. मग लगेच मनात आलं, तिथं भाऊ जाणार, आई जाणार, आपणही जाणार. तरी ते सुटल्यासारखं वाटणं गेलं नाही, आणि त्याची तिला लाज वाटत राहिली.

कचरूनं रस्ता काढला तो नकाशावरून नाही. फौजेत पुढच्या ठाण्याचा निरोप आल्याशिवाय गाडी सुटत नसे; तीच रीत त्यानं धरली, फक्त निरोपावरचा विश्वास तेवढा उरला नव्हता. म्हणून त्यानं प्रत्येक ठिकाणी दोघांना विचारलं. टपालातून जवाबी कार्डं आणली, म्हणजे अर्ध्यावर आपण लिहायचं आणि जोडलेल्या अर्ध्यावर समोरच्यानं फुकट उत्तर धाडायचं. बावीस कार्डं. धर्मशाळेचे मुनीम, पंपवाले, रस्त्याकडेचे चहावाले. पत्ते त्यानं खामगावला येणाऱ्या परप्रांती ड्रायव्हरांकडून जमवले. फौजेतल्या हिंदीत तो प्रत्येकाला तेच विचारायचा. रस्ता पक्का आहे का. धुकं किती वाजता उठतं. पाणी रात्री गोठतं का. आणि शेवटी, खाली रेघ ओढून: पौष महिन्यात बर्फ पडतं का.

उत्तरं येऊ लागली. पोस्टमन दारात दिसला की कचरूचा चेहरा उतरायचा. कार्ड तो आधी उलटं धरायचा, जरा वेळानं सरळ करायचा. शिवनीकडून आलं की जंगलात पहाटे दव गोठतं, गवत पांढरं होतं. त्यानं लगेच तो पट्टा दुपारी ओलांडायचा असं ठरवलं. अलाहाबादकडून धुक्याची खबर आली. बनारसच्या चहावाल्यानं लिहिलं, भाईसाहब, हमारे यहाँ बरफ सिर्फ ठंडाई में पड़ती है। गुलाबरावानं ते मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसला.

“दाजी, हे कार्ड मढवून ठेवा,” तो म्हणाला. “बनारसले ठंडाई पिताना तुमची आठवन काढू.”

कचरूनं ते कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बाकीच्यांसारखंच भिंतीवर खळीनं चिकटवलं. दारापासून चुलीपर्यंत कार्डांची एक रांग झाली होती. भाकरी थापता थापता भिमाबाई त्या रांगेकडं बघायची. चुलीजवळच्या कोपऱ्यात शेवटची जागा रिकामी होती, ती रक्सौलची. तिथून पुढं नेपाळ, आणि काठमांडूला चढणारा तो घाट.

रक्सौलच्या पहिल्या कार्डाचं उत्तर आलंच नाही. त्या दिवसांत कचरू जेवताना मधेच थांबायचा. एकदा त्यानं भिमाबाईला विचारलं, मी यांना नको जाऊ म्हटलं तर ऐकतील का? ती म्हणाली, माय नाई आयकनार. तो पुन्हा जेवू लागला. पण घास नुसता फिरवत होता.

दुसऱ्या कार्डाचं उत्तर मार्गशीर्षाच्या शेवटी आलं. एका धर्मशाळेच्या मुनीमानं सुरेख अक्षरात लिहिलं होतं: पूस में घाटी पर बरफ नहीं गिरती। माघ लगते ही गिरने लगती है, तब गाड़ी मत लाइए। पूस में पार हो जाइए।

कचरूनं ते तीनदा वाचलं. मग भिमाबाईला वाचून दाखवलं, पूस म्हणजे आपला पौष असं सांगत. मग हसला. चार वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. दात दिसले तेव्हा तिला कळलं की एक दाढ पडली आहे, आणि ती कधी पडली हे तिला ठाऊकच नाही. त्यानं पाटीवर तिथी मांडल्या. पौष वद्य पंचमीला धाडहून निघायचं. द्वादशीला रक्सौल. त्रयोदशीला घाट चढायचा, एक दिवस वर, आणि अमावस्येला खाली. अमावस्या म्हणजे पौषाचा शेवटचा दिवस. माघ लागेल तेव्हा चाळीस माणसं सपाटीवर असतील. एका दिवसाचीही ढिलाई नव्हती. म्हणून त्यानं गुलाबरावाला बसवून प्रत्येक मुक्कामाची तिथी पाठ करून घेतली. गुलाबराव शाळेतल्या पोरासारखा माना डोलवत म्हणायचा, हाव दाजी, हाव.

त्या पंधरवड्यात कचरू रात्री पाय पोत्याबाहेर काढून झोपू लागला. भिमाबाईला ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण अंधारात तो डावा पाय तिच्या पायाला लागला की तिला वाटायचं, हा इतका निर्धास्त कसा झाला? एका कार्डावर?

निघायच्या आदल्या दिवशी चतुर्थी होती. दोघं पेठेतल्या मारवाड्याच्या दुकानात घोंगड्या घ्यायला गेली. दुकानदार ओळखीचा, माणसं चाळीस म्हटल्यावर त्यानं गठ्ठाच सोडला. कचरू प्रत्येक घोंगडी उजेडाकडं धरून वीण बघत होता. तेवढ्यात आतून दुकानदाराची बायको ताटात तिळकूट घेऊन आली. गिऱ्हाइकांना वाटत होती. भिमाबाईनं ओंजळ पुढं केली. बाईनं वरूनच, हात लागू न देता, तिळकूट सोडलं. भिमाबाईला त्याची सवय होती. संक्रांत तर होऊन गेली, मग आज तीळ कशाचे, असं तिनं विचारलं.

“आमची माघाची चौथ आज,” दुकानदार म्हणाला. “बायकांचा उपास असतो.”

कचरूच्या हातातली घोंगडी तशीच राहिली.

“पौषाची,” तो म्हणाला.

“तुमच्यात पौषाची. आमच्यात माघाची. तुमचा महिना अवसेला संपतो, आमचा पुनवेला. पुनव झाली, माघ लागला. चार दिस झाले की.” दुकानदार घोंगड्या मोजत बोलत होता. त्याच्यासाठी ही रोजची गोष्ट होती. दोन पंचांगांत त्याची हयात गेली होती.

“हे तुमच्या मारवाडातच ना?” कचरूनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

“साऱ्या उत्तरेत. काशीला जा, बिहारात जा, तिकडं असाच हिशोब.”

कचरूनं घोंगडी गठ्ठ्यावर ठेवली, नीट घडी घालून ठेवली. तो पायरी उतरला तेव्हा एक चप्पल दुकानाच्या दारातच राहिली. भिमाबाईनं ती उचलली आणि त्याच्यामागं निघाली. पेठ उन्हात होती, मिरच्यांचे ढीग लाल दिसत होते, एक बाई भावावरून भांडत होती, आणि तिचा नवरा एका पायात चप्पल घालून अशा रीतीनं चालला होता की पुढचं काहीच त्याला दिसत नसावं. बारवेजवळ तो थांबला.

“मुनीमानं खरं लिहिलं होतं,” तो म्हणाला. “त्याचा पूस सरला, भिमे. मी ह्या लोकाईले नेमकं बर्फातच धाडून राह्यलो होतो. तिथीनिशी.”

तिनं चप्पल त्याच्या पायाशी ठेवली. हातातलं तिळकूट घामानं ओलं झालं होतं. ते खावं की टाकावं, तिला कळेना.

दिवेलागणीला विहारात माणसं जमली. गाठोडी बांधून झाली होती, बायकांनी प्रवासाच्या भाकरी भाजून वाळवल्या होत्या, आणि बाहेर ट्रक धुऊन निळा झेंडा लावून उभा होता. कचरूनं उभं राहून सगळं सांगितलं. चूक आपली, असं दोनदा म्हणाला. उत्तरेतला माघ लागलेला आहे. आपण पोचू तेव्हा त्याचे बारा-तेरा दिवस झालेले असतील. घाटावर बर्फ असेल. सारनाथ करा, गया करा, लुंबिनी, कुशीनगर करा. काठमांडू सोडा.

मग मागून कुणीतरी म्हणालं की ड्रायव्हरच्या डोक्यातलं बर्फ काही वितळत नाही. दोघंतिघं हसले, पण ते हसणं पुढं सरकलं नाही. उत्तमरावांनी विचार करून म्हटलं, आधी थेट काठमांडू केलं तर? कचरू म्हणाला, थेट गेलं तरी पाच दिवस, आणि माघ आधीच लागलेला आहे. पुढच्या साली दिवाळी होताच निघू, उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी जनकाबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

जनकाबाई भिंतीला टेकून बसली होती. मागच्या पावसाळ्यापासून ती टेकल्याशिवाय बसत नसे.

“पुढच्या साली मी कुठं राहीन बापा,” ती म्हणाली. “माहा मालक म्हने मी जाईन, अन् गेला नाई. मले नेऊन सोडा. तिथं बर्फ असो का इस्तू असो. बाकीच्याईनं खाली रक्सौलले थांबा, मी चालत जातो.”

“माय,” भिमाबाई म्हणाली.

“तू गप राह्य. तुह्या नवऱ्याले भेव हाये, मले नाई. जवाईबापू, राग नका मानू.”

यावर मात्र बायका बोलू लागल्या. म्हातारी जाते तर आम्ही खाली काय करू, आम्हीही जाऊ. एकीनं म्हटलं, दुसरीनं म्हटलं, मग आवाज वाढत गेला. भिमाबाई एकेका तोंडाकडं बघत होती. यांतली एकही त्या पांढऱ्याला ओळखत नव्हती. तिला कडूबा दिसला, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. आणि त्याच्या शेजारी आई, तशीच, भिंत नसताना टेकलेली.

गुलाबराव उठला. त्यानं ट्रकची किल्ली वर करून दाखवली आणि म्हणाला की एवढं काय त्यात, मी नेतो सगळ्यांना. सावकाश नेतो.

“घसरली का ब्रेक मारीन कचकन,” तो म्हणाला. “गाडी माह्या हातातली हाये.”

कचरूनं मान वर केली. इतका वेळ तो जमिनीकडं बघत होता.

“बर्फावर ब्रेक मारत नाईत बे.”

“मंग?”

“गाडी सोडायची. गेअरवर धरायची, अन् क्लच असा...” कचरूचा डावा पाय सतरंजीवर हलला. टाच टेकली, पुढचा भाग हळू दाबला गेला, थांबला, अर्धा उचलला. त्या पायाला बोलायचं होतं तसं तोंडाला बोलता येईना. तो परत म्हणाला, “असा.” आणि थांबला.

गुलाबराव त्या पायाकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तेव्हाच तो पहिल्यांदा भ्याला, आणि भ्यायल्यावर किती लहान दिसतो हे त्याच्या बहिणीला दिसलं. तो खाली बसला. किल्ली त्यानं दोघांच्या मधे सतरंजीवर ठेवली.

“दाजी,” तो म्हणाला, “मले नाई येत हे. अन् माय त थांबत नाई. आता तुमीच सांगा, किल्ली कोनाले देऊ?”

भिमाबाईच्या तोंडात एक शब्द येऊन बसला होता. नाही. एवढाच. तो उच्चारला असता तर कचरू बसून राहिला असता, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, कारण त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि वाट पाहिली. तिनं आईकडं पाहिलं. भावाकडं पाहिलं. शब्द घशात फिरला आणि खाली गेला.

कचरूनं वाकून किल्ली उचलली. ती मुठीत घट्ट धरली. उठताना आधी उजवा पाय टेकवला, मग डावा. माणसांनी सरकून वाट दिली. जनकाबाईजवळून जाताना तो थांबला नाही, भिमाबाईजवळूनही नाही. ट्रक बाहेर उभा होता. तो उंबरा ओलांडून तिकडं गेला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत चढला.